नितळ पाण्याचे दिवस

शमाल पडला. आठवडाभर खिडक्यांच्या फटींतून घरात धूळ पेरत आणि आमचे टॉवेल शेजारच्या इमारतीला दान करत हिंडणारा हा उत्तरेचा वारा एका सकाळी न सांगताच निघून गेला. उम्म अल कुवैनची खाडी इतकी शांत झाली, की पलीकडच्या खारफुटीतल्या बगळ्यांची भांडणं रस्त्यावर ऐकू यायला लागली. मी कामावर जाताना नेहमीसारखी गाडी काठाला थांबवली. पाण्यात एक लांबट पट्टा पसरला होता, कोकमाचं आगळ सांडावं तसा. संध्याकाळपर्यंत तो पट्टा पार पुलापर्यंत पोचला.

"आला माझा मोसम," मी घरी येऊन प्रकाशला सांगितलं. प्रकाश म्हणजे माझा नवरा. पाइप आणि व्हॉल्व्हचा व्यापार करतो, आणि ज्याचा भाव सांगता येत नाही अशा गोष्टींबद्दल त्याला फारसं कुतूहल नाही.

"म्हणजे आता तुझं जेवणाखाण्यात लक्ष नसणार," तो म्हणाला. "इन्शाल्ला, डाळभात तरी मिळेल."

इथे आखातात आलेल्या आपल्या माणसांचे मोसम वेगळे. कुणाचा हापूसच्या पेट्या उतरतात तेव्हा सुरू होतो, कुणाचा मुलांच्या परीक्षा संपून गावची तिकिटं निघतात तेव्हा. माझा मोसम वारा पडल्यावर येतो. रंग चढतो, काही दिवस राहतो, आणि मग उतरतो. सगळे रंग चढताना बघायला येतात, फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात. मला मात्र तो उतरताना बघायचा असतो. त्याचं कारण एक दुपार आहे, आणि ती दुपार दर वर्षी वाऱ्याबरोबर परत येते.

मी समुद्रातलं सूक्ष्म शैवाल वाढवते. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात मी हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा एक बाई म्हणाल्या होत्या, "शेवाळं तर आमच्या गच्चीवरच्या टाकीतपण वाढतं. त्याला पगार कोण देतं?" मी साताऱ्याची. आमच्याकडे समुद्र म्हणजे शाळेच्या सहलीला एकदा जाऊन, पाय भिजवून, घाबरून परत यायची गोष्ट. पाण्याच्या एका थेंबापुढे आयुष्य घालवीन असं मलाही वाटलं नव्हतं.

पण तो पहिला थेंब मी विसरलेले नाही. या लाल पाण्याचाच होता. डोळ्याला दिसला तो गढूळपणा. सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर आत पेशींच्या माळा पोहत होत्या. प्रत्येक पेशी वाटोळी, कमरेला पट्टा बांधल्यासारखी खाच, आणि चाबकाच्या दोरीसारखे दोन धागे वळवत ती गरगरत पुढे जायची. तिला डोळा नाही, तोंड नाही, मेंदू नाही, तरी उजेड कुठे आहे ते तिला कळत होतं. मी कितीतरी वेळ मान वर केली नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर हुदा, मूळच्या इजिप्तच्या, मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ब्यूटिफुल, नो? बट नेव्हर ट्रस्ट हर." त्या शैवालाला नेहमी 'ती' म्हणतात. मीही तेच शिकले.

आता त्या दुपारकडे येते. ते वर्ष मानसीचं होतं.

मानसी माझी धाकटी नणंद. नवऱ्याबरोबर इथून तासाभरावरच्या डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीत राहायची, बँकेत काम करायची. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्या सासूबाईंचा नियम. पण इन्शुरन्स इथला, डॉक्टर इथली, सुट्टी इथली. तेव्हा आईंनी नियम मोडला नाही, माहेरच हलवलं. स्वतः वेंगुर्ल्याहून विमानाने आल्या आणि उम्म अल कुवैनमधला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट हे मानसीचं माहेर म्हणून जाहीर करून टाकलं. सातवा लागल्यावर मानसी सुटकेस घेऊन आली, सोफ्यावर आडवी झाली आणि म्हणाली, "वहिनी, मला तिसऱ्या हव्यात."

तिसऱ्या म्हणजे खाडीच्या वाळूत मिळणाऱ्या शिंपल्या. त्यांचं ओल्या खोबऱ्याचं सुकं हा या घराचा वीक पॉइंट आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा ताटात शिंपले वाजताना ऐकून मला वाटलं होतं, की कुणाची बांगडी फुटली. पुढे मीही इतकी सुधारले, की दर हिवाळ्यात ओहोटीला सगळ्यांबरोबर गुडघाभर चिखलात उभी राहून तिसऱ्या वेचू लागले. आईंनी तर ही खाडी पहिल्या भेटीतच आपली मानली होती. काठावर उभं राहून त्या म्हणाल्या होत्या, "आपलीच खाडी गो ही. माड तेवढे लावूक इसारले."

पण मानसीने तिसऱ्या मागितल्या तेव्हा पाणी लाल होतं. शिंपल्यातला जीव दिवसभर पाणी गाळून खातो. पाण्यात विषारी शैवाल असलं तर विष त्याच्या मांसात साठतं. त्याला स्वतःला बहुतेक काही होत नाही. खाणाऱ्याचे ओठ आधी मुंग्या आल्यासारखे होतात, जीभ जड होते, आणि प्रमाण जास्त असलं तर श्वासाचे स्नायू थांबतात. त्याच्यावर उतारा नाही. हे मी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना सांगितलं आणि म्हटलं, "मी सांगेपर्यंत तिसऱ्या नाहीत. खलास."

आईंनी ऐकलं. खरोखर ऐकलं. रोज सकाळी फिरायला जाऊन त्या पाण्याचा रंग बघून यायच्या आणि मला बातमी द्यायच्या: आज जास्त आहे, आज पुलाखाली कमी आहे. मानसी रोज विचारायची. सातव्या महिन्यातली बाई जे मागते ते तिच्या एकटीसाठी मागत नाही, हे आईंच्या मनात पक्कं होतं. "डोहाळे पुरे नाय झाले तर पोराची लाळ गळता," त्या म्हणायच्या. मी हसायचे. त्या हसायच्या नाहीत.

त्याच दिवसांत प्रयोगशाळेत माझं दुसरंच काहीतरी चाललं होतं. खाडीतून वेचलेल्या एका पेशीपासून वाढवलेलं सगळं गोत मी काचेच्या चंबूंमध्ये वाटून ठेवलं होतं. पहिल्या ओळीला सगळं खायला भरपूर. दुसऱ्या ओळीला बाकी सगळं होतं, पण फॉस्फरस अगदी थोडा दिला होता. पोटभर खाल्लेले चंबू दिवसागणिक दाट होत गेले, चहासारखे तपकिरी. उपाशी चंबू सुरुवातीला तेवढेच वाढले, मग थांबले. मग फिकट झाले. शेवटी शेवटी तर उजेडासमोर धरलं तर पलीकडचं घड्याळ दिसायचं.

"शी इज हंग्री नाऊ," डॉक्टर हुदा म्हणाल्या. "यल्ला, लेट्स सी व्हॉट शी डज."

माझा अंदाज साधा होता, कुणाचाही असता तसा. दाट चंबू धोक्याचा. फिकट चंबूतल्या त्या बिचाऱ्या. त्यांच्यात काय जोर असणार? त्या सकाळी मोजणीचे आकडे आले. एकेका पेशीत किती विष आहे, ते आम्ही बघत होतो. मी आकडे पाहिले, मग चंबूंवरच्या चिठ्ठ्या पाहिल्या, आपण उलटंसुलटं केलं की काय म्हणून परत पाहिल्या. उलट काहीच नव्हतं. ज्या उपाशी होत्या, त्यांच्यातल्या प्रत्येकीत पोटभर खाल्लेलीपेक्षा कितीतरी जास्त विष भरलेलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. भीती नव्हती ती. इतक्या लहान जीवाने, जो केसाच्या टोकावर मावेल, इतका मोठा बेत न बोलता पार पाडलेला बघून माणूस जागच्या जागी लहान होतो, तसं झालं.

आणि मग माझं लक्ष त्या फिकट चंबूच्या रंगाकडे गेलं. नितळ. खाडीसारखा.

कारण खाडीही दोन दिवसांपूर्वी निवळायला लागली होती. पाण्यातलं खाणं संपलं होतं, म्हणून गर्दी ओसरत होती. उरल्या होत्या त्या भुकेल्या.

तेवढ्यात फोन वाजला. आमच्या घरच्या ग्रुपवर आईंनी फोटो टाकला होता. आईंना फोटो टाकायला मानसीनेच शिकवलं होतं, आणि बहुतेक फोटोंत त्यांचा अंगठा असायचा. या फोटोतही अंगठा होता. अंगठ्याच्या पलीकडे आमच्या स्वयंपाकघरातलं सिंक होतं आणि ते तिसऱ्यांनी काठोकाठ भरलं होतं. खाली त्यांचा आवाज रेकॉर्ड केलेला: "पाणी निवाळला गो! पहाटे ओहोटीक जावन काढली. जेवक ये."

मी फोन लावला. उचलला नाही. प्रकाशला लावला, तो शारजाला कुठल्यातरी साइटवर होता, त्याचाही लागला नाही. मानसीचा लागला आणि वाजत राहिला. मला आमचं घर माहीत आहे. खोबरं वाटताना मिक्सर चालू असला की त्या घरात देव आले तरी बाहेरून परत जातील. मी डॉक्टर हुदांना काय सांगितलं ते आठवत नाही. त्यांनी माझ्या हातात बर्फाचा डबा दिला तेवढं आठवतं. त्या मला म्हणाल्या, "ब्रिंग मी द रॉ वन्स."

प्रयोगशाळेपासून घर जवळ आहे. त्या दिवशी ते जवळ नव्हतं. रस्ता खाडीच्या कडेकडेने जातो. ऊन होतं, पाणी निळंशार होतं, तळाची वाळू दिसत होती. इतकं सुंदर पाणी मी त्या खाडीत आधी पाहिलं नव्हतं, आणि सिग्नलला थांबून त्याच्याकडे बघता बघता मी पुन्हा मानसीला फोन लावत होते. समोरचा समुद्र खोटं बोलत नव्हता. तो निवळलाच होता. निवळणं म्हणजे काय, एवढंच आपल्याला माहीत नव्हतं.

दार उघडलं तर घरभर वाटपाचा वास. टेबलावर केळीचं पान, इथल्या सुपरमार्केटमधून आणलेलं. पानावर भात, सोलकढी, आणि मधोमध तिसऱ्यांचं सुकं, वर कोथिंबीर. पानासमोर मानसी, दोन्ही हात पोटावर ठेवून. सुक्याला हात लागलेला नव्हता.

कारण ती माझी वाट बघत होती. या घराची एक रीत आहे: डोहाळ्यांचा पहिला घास भावजयीने भरवायचा. आई स्वयंपाकघरात हजर होत्या, पण पहिला घास माझ्या हातचा. लग्नानंतर या रीतीरिवाजांना मी किती नाकं मुरडली होती! आणि त्या दिवशी त्या एका रीतीने माझी नणंद वासाने व्याकूळ होऊन, भुकेली, पान समोर घेऊन बसून राहिली होती.

"लवकर ये ना ग वहिनी," मानसी म्हणाली, "पोटात हा लाथा मारतोय." त्यांना मुलगा वाटत होता तेव्हा.

मी चप्पलसुद्धा काढली नाही. पान उचललं.

आई स्वयंपाकघरातून आल्या. "काय करतंस?"

"आई, या तिसऱ्या नाही खायच्या."

"पाणी निवाळला. मिया डोळ्यांनी बघलंय."

"निवळलं म्हणूनच. आता जे उरलंय ते जास्त विषारी असू शकतं. आजच कळलंय मला. आत्ता, तासापूर्वी."

"चांगली मिठाच्या पाण्यात ठेवलंय, रेती सगळी सुटली. सोलां घातलंय. काय बाधतला?"

"आई, हे रेतीसारखं सुटत नाही. उकळून जात नाही. सोलांनी जात नाही."

कोकणातल्या बाईला कोकमाच्या सोलांनी काही उतरत नाही असं सांगणं म्हणजे तिच्या अख्ख्या स्वयंपाकघरावर अविश्वास दाखवणं. आईंचा चेहरा उतरला. मानसी रडायला लागली. माझ्यावर रागावून नाही, भूक लागली होती म्हणून. मी सगळं सुकं पिशवीत भरलं, पिशवीला गाठ मारली, सिंकमधल्या उरलेल्या कच्च्या तिसऱ्या डॉक्टर हुदांच्या बर्फाच्या डब्यात घातल्या. आई दाराशी उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "माझ्या चेडवाक उपाशी पोटान उठवलंस गो."

लेकीला पानावरून उपाशी उठवल्याचं ते वाक्य घेऊन मी परत गाडीत बसले. आपण बरोबर असलो तरी असं वाक्य टोचायचं थांबत नाही.

त्या तिसऱ्या खाण्याजोग्या नव्हत्या. यंत्राच्या पडद्यावर रेघ चढत गेली, डॉक्टर हुदांनी डोळे मिटून "अल्हम्दुलिल्लाह" म्हटलं, आणि मी खुर्चीत बसले. किती खाल्ल्या असत्या तर काय झालं असतं, हा हिशेब मी तेव्हा केला नाही आणि आजही करत नाही.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई भाकरीचं पीठ मळत होत्या. मी निकाल सांगितला. त्यांनी परातीत थोडं पाणी घातलं. गोळा पुन्हा मळला. मग म्हणाल्या, "समजावन सांग माका. उपाशी जीव विष करता कित्या?"

मी त्यांच्या परातीकडे बोट दाखवलं. "समजा पीठ भरपूर आहे. पाणी आहे. हात थांबत नाहीत, गोळे होतच राहतात. पण तवाच नाही. भाकरी काही होत नाही. मग काय होईल?"

"गोळे साठतले."

"तसंच. फॉस्फरस नसला की त्यांना एकीच्या दोन होता येत नाही. पण विष करायचं सामान असतं, ते करणं चालूच राहतं. वाटून घ्यायला लेकी नाहीत, म्हणून ते एकेकीत साठतं."

"आनी पीठच नसला तर?"

हा प्रश्न मी दुपारी डॉक्टर हुदांनाही विचारला होता. या विषाचं पीठ म्हणजे नायट्रोजन, तो फार लागतो. तोच कमी पडला, तर या जातीत विषही कमी होतं. तसं मी आईंना सांगितलं.

"मगे भुकेभुकेत फरक आसा," त्या म्हणाल्या. "पण त्या विषाचा ती करता काय?"

"कोणी म्हणतात, तिला खाणाऱ्यांना पळवून लावायला. कोणी आणखी काही म्हणतात. नक्की माहीत नाही."

"म्हणजे तुमकाय म्हायत नाय?"

"नाही, आई."

हे उत्तर त्यांना आवडलं असावं. त्यांनी पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि मानसीला हाक मारली. पहिला घास मीच भरवला. भाकरी आणि वांग्याच्या भाजीचा. मानसीने चावता चावता नाक ओढलं, "वांगं!" म्हणाली, आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या.

मुलगी झाली. ईरा. आणि काय सांगावं, ती लाळ गाळायची! सगळीच बाळं गाळतात, पण ही जरा उत्साहाने. लाळेरी बदलून बदलून मानसी थकायची. आई तिला मांडीवर घेऊन येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्यादेखत सांगायच्या, "बघा, लाळ गळता! डोहाळे कोणी मोडल्यान? हिच्या मामीन." सांगताना पदराने ते इवलंसं तोंड पुसायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. त्यांच्या डोळ्यांत काय असायचं ते मला कळायचं. त्यांनी कधी तोंडाने म्हटलं नाही. मीही कधी मागितलं नाही.

ईरा आता शाळेत जाते. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते, मालवणीत विचारलं तरी इंग्रजीतच देते. या आठवड्यात पाणी निवळलं, आणि शुक्रवारी दुपारपासून मानसी सहकुटुंब आमच्याकडे. शनिवारी सकाळी आम्ही काठावर गेलो. पाणी तसंच होतं, त्या दिवशीसारखं, तळापर्यंत दिसणारं. मला दर वेळी वाटतं, सवय होईल. होत नाही. त्या काचेसारख्या पाण्यात न दिसणाऱ्या कितीतरी जणी उपाशीपोटी गरगरत असतात, आपण काय करतो आहोत हे माहीत नसताना करत असतात, आणि मी नुसती उभी राहते.

मानसीने आईंना व्हिडिओ कॉल लावला. वेंगुर्ल्याच्या ओसरीवरून त्यांचा अंगठा दिसला, मग कपाळ दिसलं. पहिला प्रश्न नेहमीचाच: "पाणी कसा आसा?"

"लुक, आज्जी! सो क्लिअर!" ईराने फोन पाण्याकडे वळवला. "आय कॅन सी द शेल्स!"

"हात लावू नको हां, बाय. निवाळला तरी थांबा. मामी सांगासर थांबा. भुकेला असता ता."

"आय नो, आज्जी," ईरा म्हणाली. "यू टेल मी एव्हरी इयर."

परत येताना गाडीत ती मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसली. वाळूत धावून दमली होती. रस्ता खाडीला लागायच्या आत झोपली. तिचं डोकं हळूहळू घसरत माझ्या खांद्यावर आलं. तोंड अर्धवट उघडं. प्रकाशने आरशातून बघितलं आणि म्हणाला, "अगं, तुझा नवा कुडता. लाळ गळतीय तिची."

खिडकीबाहेर खाडी चमकत होती. खांद्यावरचा ओला डाग कोमट होता आणि पसरत होता.

"गळू दे," मी म्हटलं, आणि खांदा हलवला नाही.